मंगळवारची पाहुणी

बल्गेरियातल्या रूसे शहरातल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर चुदोमिरमास्तर बायकोला घेऊन राहत होते; खरं तर कोंडून घेऊन राहत होते. नेव्यानाची स्मृती गेली होती. दार उघडं दिसलं की ती सपाता घालून आईकडे निघायची, आणि आईला जाऊन चाळीस वर्षं झाली होती. एकदा ती थेट डॅन्यूब नदीच्या धक्क्यावर सापडली. तेव्हापासून मास्तर आतून कुलूप लावत आणि किल्ली गळ्यात अडकवत. दोन वर्षं ते जिना उतरले नव्हते. भाजी-पाव समोरच्या घरातली मुकद्देस आणून द्यायची.

मुकद्देस तुर्की. एके वर्षी सरकारने तिच्या लोकांची नावं सक्तीने बदलून बल्गेरियन केली, तेव्हा तिची मारिया झाली. जिन्यात भेटल्यावर मास्तरही तिला मारियाच म्हणत. नोकरी होती, भीती होती. पुढे तिला नाव परत मिळालं. त्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत.

मार्चमधल्या एका मंगळवारी बेल वाजली. दारात पन्नाशीची मिशनरी बाई, फिनलंडची इर्मेली, हातात पत्रकं घेऊन उभी. मास्तरांनी सरळ सांगितलं, "बाई, देव नाही हे मी कॉलेजात तीस वर्षं शिकवलंय. चुकीच्या घरी आलात."

"मग तुम्ही देवाबद्दल खूप वाचलं असेल," ती मोडक्या बल्गेरियनमध्ये म्हणाली. "मला तुमची भाषा धड येत नाही. शिकवाल?"

तेवढ्यात मागून नेव्याना आली. "लिल्याना, किती गं उशीर," म्हणत तिने इर्मेलीचा हात धरला. लिल्याना तिची धाकटी बहीण, केव्हाच वारलेली. इर्मेलीने हात सोडवून घेतला नाही.

मग ती दर मंगळवारी येऊ लागली. मास्तर तिचं व्याकरण सुधारत, देवावरून तावातावाने वाद घालत. मे महिन्यात तीच म्हणाली, की तासभर मी बसते, तुम्ही बाहेर फिरून या. मास्तर गडबडले. प्रार्थना नाही, पुस्तक नाही, अशी अट त्यांनी घातली. मुकद्देस म्हणाली, "मीही बसते. तिचा देव एक, माझा एक, तुमचा तर नाहीच. कोणाचं काही चालायचं नाही."

मास्तर नदीपर्यंत गेले. बाकावर बसून छातीवर हात ठेवला, तर किल्ली तिथेच. निघताना सवयीने त्यांनी बाहेरून कुलूप घातलं होतं. तिघी आत अडकल्या होत्या. ते उठले, आणि पुन्हा बसले. एक मालवाहू बोट पूर्ण दिसेनाशी होईपर्यंत बसून राहिले.

परतले तेव्हा अडीच तास झाले होते. इर्मेलीची बस चुकली होती. नेव्याना तिच्या खांद्यावर झोपली होती. मास्तरांनी मान खाली घातली. "किल्ली माझ्याकडे आहे हे कळलं होतं," ते म्हणाले. "तरी आलो नाही."

मुकद्देस म्हणाली, "माझं नाव बदललं तेव्हाही तुम्हाला सगळं कळत होतं, मास्तर."

"होय. कळत होतं."

"बरं झालं, एकदा बोललात." मग तिने कॉफीचं भांडं गॅसवर चढवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जास्तीची किल्ली करवून मुकद्देसला दिली. उन्हाळाभर मंगळवार असेच गेले. पण बाकीचे सहा दिवस होतेच, आणि बाहेर जाऊन आल्यावर घराच्या भिंती त्यांना अधिकच जवळ आल्यासारख्या वाटत.

ऑक्टोबरमध्ये मिशनने इर्मेलीला परत बोलावलं. शेवटच्या दिवशी तिने विचारलं, की एकदाच प्रार्थना करू का? मास्तर म्हणाले, "करा, पण मनात." तिने डोळे मिटले. मुकद्देसनेही तळवे पसरले. मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. खोलीत कोणी बोलेना.

नेव्याना घाबरली. "कोण गेलं?"

"कोणी नाही," मास्तर म्हणाले. "सगळे इथेच आहोत."