दाराकडं निघालेली गाढवं

सोलापूरला आल्यावर दोन महिन्यांतच मी एका बाईचं माहेर चुन्यानं पुसून टाकलं, आणि वर "कशी लख्ख झाली भिंत!" म्हणून स्वतःवरच खूश झाले. अशी मी अठरा वर्षांची शहाणी. गावी केमला राहिलेल्या मैत्रिणींनो आणि माझ्याहून लांब गेलेल्या नातींनो, तुम्ही हसाल म्हणून हे आजवर सांगितलं नाही.

दुष्काळात रान करपलं, ह्यांना गिरणीत काम लागलं. केमच्या फलाटावर आईनं गेरूची पुडी हातात कोंबली. "पंचमीला नाग काढायचा चुकवू नगंस. आन् गाडीत रडू नगंस, लोक बघत्यात." मी कुर्डुवाडीपर्यंत रडले. लोकांनी बघितलं.

खोली मिळाली सेटलमेंटात. इंग्रजांच्या राज्यात गाढवांवर बिऱ्हाड लादून फिरणाऱ्या माणसांना सरकारनं तिथं तारेच्या कुंपणात कोंडलं होतं, रोज हजेरी घेऊन. पुढं तार निघाली. आमच्या भिंतीवर मात्र कोळशानं काढलेली गाढवं होती. पाठीवर टोपल्या, मागं एक कुत्रं, सगळ्यांची तोंडं दाराकडं. मला वाटलं, आधीच्या भाडेकरूच्या पोरांचा उद्योग.

समोरची तानूमावशी रोज विस्तव मागायला यायची आणि त्या भिंतीपुढं बसून राहायची. हिचा डोळा माझ्या पितळी तांब्यावर, अशी माझी खात्री. ती आली की मी तांब्या पदराखाली दडवायचे. शेजारणींचा भलताच समज झाला आणि मला चिंचा यायला लागल्या!

पंचमीला मी भिंतीला चुना मारला, गेरूनं ऐटबाज नाग काढला. मावशी आली ती उंबऱ्यातच थांबली.

"तारंत असताना माझ्या आयनं काढली हुती ती गाढवं."

ती ह्याच खोलीत जन्मलेली, लग्न होऊन समोरच्या खोलीत गेलेली. आईची तेवढीच खूण होती. मला काय सुचावं? मी धावत तांब्या आणला आणि तिच्यापुढं धरला. तिनं तो हातानं बाजूला सारला.

आता तुम्ही मैत्रिणी सोडल्या तर केममध्ये मला कुणी ओळखत नाही आणि इथं सगळे 'केमच्या आजी' म्हणतात. घर कुठलं विचारलं की मी गडबडते. दर पंचमीला गेरू हातात घेऊन अडते, नागाचं तोंड कुठं करू? कारण त्या दिवशी मावशी माझ्या नागाकडं बराच वेळ बघत राहिली, मग माझ्याकडं वळून म्हणाली,

"व्हय गं, तुझा नाग बी दाराकडंच निघालाय की. तुला कुणी कोंडलंय?"