आमच्या पत्र्यावरचा चुना

बिराजदार सर गेल्याचा निरोप अक्कलकोटकडच्या त्यांच्या गावाहून आला, तेव्हा मी मुलीला भरवत होते. त्यांचा पुतण्या दारातूनच म्हणाला, "काका गेले. आंगूळ करून पडले हुते, उटलेच न्हाईत." डोळ्यांत पाणी आलंच, पण खरं सांगते, त्याच्याआधी सुटल्यासारखं वाटलं. हृदयाचं दुखणं जडल्यापासून डॉक्टरांनी पुढचे जे हाल सांगून ठेवले होते, त्यातलं काहीच सरांच्या वाट्याला आलं नाही... महिना उलटला तरी मला त्याचंच बरं वाटतं.

सर आमचे सख्खे शेजारी. एका ओळीत चार खोल्या, चारींवर पत्रे. सोलापूरचा उन्हाळा पत्र्याखाली काढलेल्या माणसाला वेगळं काही सांगायला नको. सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे आणि पन्नाशीत विद्यापीठात नाव घालून संशोधन करत होते. विषय काय, तर पत्र्याची खोली गार कशी ठेवायची. नुसता चुना पत्र्यावर धरत नाही, म्हणून त्यात कधी डिंक, कधी मीठ घालून ते पत्र्याचे तुकडे रंगवायचे आणि हिवाळाभर अंगणात मांडून ठेवायचे. सर पापड वाळवतात, असं आम्ही म्हणायचो. घरमालक तर येता-जाता विचारायचे, "काय सर, आज कुणाला चुना?" सर मनापासून हसायचे आणि पुढचा तुकडा रंगवायला घ्यायचे.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर, दुष्काळाचे आणि रेशनवरच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरीचे दिवस चालू असताना, त्यांचं मिश्रण जमलं. पण चारही पत्रे रंगवायला ते तयार होईनात. दोन रंगवायचे, दोन तसेच ठेवायचे. "सगळ्यांनाच लावला तर फरक कशावरून कळणार?" म्हणाले. कुणावर अन्याय नको म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. सरांच्या खोलीला चुना निघाला. आमची चिठ्ठी कोरी निघाली.

मला तेव्हा दिवस भरत आले होते. त्याच्या दोन वर्षं आधी, ऐन वैशाखात, माझं पहिलं बाळ याच खोलीत गेलं होतं. तान्हं लेकरू, दुपारभर तळमळायचं, मी ओल्या फडक्यानं पुसत राहायचे... कोरी चिठ्ठी मी पदराला बांधली. बोलल्या त्या नीलाक्का, सरांच्या बायको.

"हिच्या पत्र्याला लावा. आपलं ऱ्हाऊ द्या तसंच."

"अगं, चिठ्ठ्या पडल्यात की. आता बदललं तर अभ्यासाला अर्थ राहत नाही."

"अर्थ घिऊन काय करायचंय? लेकरू यायलंय हितं."

सर उठून आत गेले. दोन दिवस नवरा-बायकोत बोलणं नव्हतं. रविवारी सकाळी डोक्यावर खडखड झाली म्हणून बाहेर येऊन बघते, तर धोतर खोचून सर आमच्या पत्र्यावर, हातात कुंचला. स्वतःच्या पत्र्याला मात्र त्यांनी हात लावला नाही.

मुलगी झाली. वजनाला कमीच होती. पहिल्या कडक दुपारी मी ओलं फडकं हातात धरून तिच्याजवळ बसले होते. ती स्वस्थ झोपली होती. कपाळाला हात लावला तर गार. मी भिंतीला टेकून रडले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा दुपारची झोपले. नीलाक्का रोज सकाळी तिला न्हाऊ घालायला यायच्या. दुपारी इथंच गारव्याला थांबा म्हटलं तरी थांबायच्या नाहीत. दुपारी दोनला प्रत्येकीनं आपापल्या खोलीतल्या थर्मामीटरचा पारा बघून भिंतीवर खडूनं लिहायचं, असं सरांनी ठरवून दिलेलं. तो सगळा उन्हाळा नीलाक्कांनी तापल्या पत्र्याखाली काढला.

आमच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली, हे सरांनी सांगितलं नसतं तर विद्यापीठात कुणाला कळलंही नसतं. त्यांनी ते लिहून दिलं. विद्यापीठातले त्यांचे मार्गदर्शक म्हणाले, हा उन्हाळा धरता येणार नाही, पुढच्या वर्षी पुन्हा मोजा. मला फार वाईट वाटलं. सर म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे की. मीही हेच सांगितलं असतं." मग मुलीला उचलून घेतलं आणि म्हणाले, "ही बघा, ही मोजता येत नाही, एवढंच." पुढचा उन्हाळा त्यांना मिळाला नाही.

नीलाक्का गावाहून परत आल्या. डोळ्याला डोळा लागत नाही म्हणायच्या. परवा आम्ही शेजाऱ्यांनी मिळून त्यांच्या पत्र्याला चुना दिला, सरांच्याच प्रमाणानं. काल दुपारी मी मुलीला घेऊन त्यांच्याकडे गेले. त्या जमिनीवर पाठ टेकून वर बघत होत्या.

"सुमन," म्हणाल्या, "लई गार हाय की गं. मला वाटायचं, बाई, एवढ्याशा फरकासाटी ह्यांनी डोळं फोडून घेतलं... मला कुटं ठावं हुतं."

मुलगी त्यांच्या कुशीत शिरली. बोलता बोलता नीलाक्कांचा डोळा लागला. दोन वाजले, तीन वाजले. पारा बघायला त्या उठल्या नाहीत, आणि मीही त्यांना उठवलं नाही.