‘सुमन’ म्हटलं की सुई उसळायची

मंडळी, लॅबमधून बदलापूरला घरी येऊन तास झाला, तरी आजचा प्रकार डोक्यातून जात नाही. म्हणून ग्रुपवर हा ई-मेल.

विद्यापीठाच्या मेंदू-प्रयोगशाळेचं रोजचं कामकाज मी बघते. सध्याच्या प्रयोगात माणसाच्या डोक्याला तारा लावून त्याला हेडफोनवर बरीच नावं ऐकवतो, त्यात त्याचंही एक. स्वतःचं नाव आलं की यंत्राची सुई कागदावर उसळते.

आज अंबरनाथहून शैला आली होती. पस्तिशीची, सोबत आई. ‘शैला’ला सुई जेमतेम हलली, ‘सुमन’ला मात्र ताडकन उसळली. तार सैल असेल म्हणून मी सगळं नव्याने लावलं, नावांचा क्रमही बदलला. पुन्हा तेच.

“सुमन कोण?” मी विचारलं.

“कुणीच नाही. पण मॅडम, मला रडू का येतंय?”

बाहेर येऊन आईंना विचारलं, तर त्यांनी मला बाजूला घेतलं. “दीड वर्षाची असताना दत्तक घेतली आम्ही. आधी तिला सुमन म्हणायचे. तिला ठाऊक नाही हो. सांगू नका.”

मशीन बिघडलंय, असं मी शैलाला सांगितलं. ती उठेचना. “ते नाव एकदा परत लावा ना.”

मी नाही लावलं. तुम्ही लावलं असतंत?