भिजवून पाह्यलं का?

पाणकर काकाजी कोणत्याही कोरड्या गोष्टीला मेलेली म्हणत नसत. वाळलेलं झाड असो, आटलेली बोडी म्हणजे लहानसं तळं असो, की बांधावरचं करपलेलं गवत, त्यांचा सवाल एकच असे: "भिजवून पाह्यलं का?" समोरचा नाही म्हणाला की ते मान हलवून पुढे चालू लागत. ज्याने भिजवून पाहिलेलं नाही त्याच्याशी वाद घालण्यात त्यांना रस नसे.

पाणकर हे त्यांचं आडनाव नव्हतं, काम होतं. आमचं गाव पवनीपासून दहा-बारा किलोमीटरवर. गावाचा धान एका जुन्या मामा तलावावर, म्हणजे मालगुजारीच्या काळातल्या तलावावर पिकतो. तलावातून पाणी सोडायचं दार, ज्याला आमच्याकडे तुडूम म्हणतात, ते कधी उघडायचं आणि कोणत्या बांधीला, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्याला, किती वेळ पाणी द्यायचं, हे पाणकर ठरवतो. काकाजींचा नियम होता की पाणी आधी सर्वांत टोकाच्या बांधीला द्यायचं आणि मग मागे येत यायचं. तलावाला लागून शेत असलेले एक मोठे शेतकरी एकदा चारचौघांत त्यांना म्हणाले, "पाणकर, माही बांधी तुह्या डोळ्यासमोर वाळून राह्यली, अन् तू त्या टोकाले पानी नेऊन राह्यला. काहून गा?" काकाजी म्हणाले, "तुमची डोळ्यासमोर हाये म्हून. थे दिसत नाही, म्हून तिले आधी."

मी गावच्या वाचनालयाचं काम पाहते. पुस्तकांच्या, सभासदांच्या आणि रोजच्या कामांच्या याद्या ठेवते. झालेल्या कामावर रेघ मारायची, राहिलेलं काम पुढच्या पानावर घ्यायचं, ही माझी जुनी शिस्त. काकाजी दर शनिवारी अकराला येत. चप्पल बाहेर काढून, दुपट्ट्याने हात पुसून बाकावर बसत. मोतीबिंदूमुळे त्यांना बारीक अक्षर दिसत नसे, म्हणून वर्तमानपत्र मी वाचायचं आणि त्यांनी ऐकायचं.

एका शनिवारी आतल्या पानावर छोटी बातमी होती. दूरच्या एका ताऱ्याभोवती पृथ्वीसारखा ग्रह सापडला होता. आकार जवळपास आपल्याएवढा, आणि त्याच्या सूर्यापासूनचं अंतर असं, की पाणी उकळून जाणार नाही आणि गोठणारही नाही. मी वाचून पान उलटणार, तोच त्यांनी कागदाचा कोपरा धरला. "थांब बाई. जवळ नाही अन् दूरबी नाही, असंच म्हनलं ना?"

मी हो म्हटलं.

"म्हंजे मधातली बांधी हाये थे. वरच्या बांधीत पानी साचून रोप सडते, खालच्या बांधीत पोचतच नाही. मधातली पिकते."

त्या दिवसापासून असल्या बातम्या मी कापून ठेवू लागले. या ग्रहांची नावं म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे, ती काकाजींच्या लक्षात राहीनात. म्हणून त्यांनी स्वतःच नावं ठेवली आणि मी त्यांची वेगळी वही केली. एका ग्रहाची एकच बाजू कायम त्याच्या सूर्याकडे असते आणि दुसरीवर कायमचा अंधार असतो, असं वाचल्यावर त्याचं नाव पडलं 'अर्धशिशी'. नुकताच सापडलेला, ज्याबद्दल काहीच माहीत नव्हतं, तो 'नवा जावई'. तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत यायला वर्षानुवर्षं लागतात, आपल्याला दिसतं ते जुनं असतं, हे त्यांना समजावून सांगायला मी दोन पुस्तकं काढून बसले होते. पुस्तकं उघडावी लागली नाहीत. "तुडूम बंद केला तरी टोकाच्या बांधीत दोन दिवस पानी येतच रायते," ते म्हणाले. "तिथल्या मानसाले वाटते, सुरूच हाये."

मग एका ग्रहाबद्दल छापून आलं, की तो अगदी कोरडा आहे, हवाही उडून गेली असावी, जीवसृष्टीची शक्यता जवळजवळ नाही. काकाजींनी अर्थातच विचारलं, भिजवून पाह्यलं का. मी हसले. तिथे जाऊन भिजवणार कोण, असंही म्हणाले. सोमवारी ते मातीचा एक पसरट परळ घेऊन आले आणि त्यांनी तो वाचनालयाच्या खिडकीत ठेवला.

दर उन्हाळ्यात तलाव आटला की तुडुमाजवळच्या सर्वांत खोल जागेवरून ते तळहाताएवढं ढेकूळ उचलत, सावलीत वाळवत आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवत. हे त्यांचं वर्षानुवर्षं चाललं होतं. तलाव आतून जिवंत आहे की नाही ते त्यावरून कळतं, असं ते म्हणत. परळातलं ढेकूळ पाच वर्षांपूर्वीचं होतं, विटेसारखं टणक. त्यावर त्यांनी साठवलेलं पावसाचं पाणी ओतलं आणि मला सांगितलं, "रोज पाहाजो. बारा दिवस." मी यादीत ओळ घातली आणि रोज पाहत गेले. पहिला दिवस, काही नाही. दुसरा, काही नाही. पाण्याला नुसता मातीचा वास. सहाव्या दिवशी, म्हाताऱ्या वाचकांसाठी ठेवलेलं भिंग घेऊन मी वाकले, तर जिऱ्याहून लहान, काचेसारखे आरपार दिसणारे जीव पाठीवर पोहत होते. मी किती वेळ वाकून होते कोण जाणे. टेबलापाशी एक सभासद पावतीसाठी ताटकळत उभा होता.

"पाच वर्सं मातीत निजून होते," काकाजी म्हणाले. "मधात कोनी येऊन पाह्यलं असतं, त लिहून गेला असता, का इथं काही नाही."

मी विचारलं, बारा दिवसांतही काही हललं नाही तर?

"तेराव्याले माती झाडाच्या बुडाशी टाकाची. तिलेबी मोकळं करा लागते, बाई."

काकाजींच्या घरात काकू चार वर्षांपासून खाटेवर होत्या. लकव्यानंतर त्यांची वाचा गेली होती. डोळे उघडे असत, पण ते कुठे लागलेले नसत. नाकातल्या नळीतून पातळ पेज द्यावी लागे आणि नळी बदलायची वेळ आली की गाडी करून भंडाऱ्याला न्यावं लागे. काकूंचं सगळं काकाजी स्वतः करत. त्यांची मुलगी निर्मला नागपूरला असते, ती महिन्यातून एकदा येऊन जाई.

एकदा ते चष्मा वाचनालयात विसरले म्हणून मी तो द्यायला गेले. दार उघडं होतं. काकाजी स्टुलावर बसून ओल्या फडक्याने काकूंचे हात पुसत होते आणि शनिवारची बातमी जशीच्या तशी सांगत होते, अंतरासकट. मी ओसरीवरच थांबले. "अर्धशिशीवर एका बाजूले रातच होत नाही म्हंते," ते सांगत होते. "तुले जमलं असतं. तुले अंधाराचं भेव." शेजाऱ्यापाजाऱ्यांना हे ठाऊक होतं. कोणी थट्टेने विचारी, पाणकर, काकूले कोन्या ग्रहावर नेऊन राह्यला. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे की पानी सापडू दे, मंग नेतो.

दिवाळीच्या आधीच्या एका शनिवारी बातमी ऐकून झाल्यावर ते उठले नाहीत. दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाले, "बाई, त्या दुर्बिणवाल्यायले एक चिठ्ठी लिहशील का? किती दिवस पाहून नाही म्हनतेत, थे इचार."

"ग्रहाचं ना, काकाजी?"

त्यांनी बोटाला गुंडाळलेलं टोक सोडवलं. "ग्रहाचंच."

मी यादीत लिहिलं: काकाजींचा प्रश्न, पत्र. त्या आठवड्यात पुस्तकांची मोजणी होती. पुढच्या आठवड्यात नवी कपाटं आली. ओळ पुढच्या पानावर गेली, मग त्याच्या पुढच्या. पहिल्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, लिहिते. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हटलं, पाठवलं. पाठवणारच होते, म्हणून पाठवलं म्हटलं. काम मागे पडलंय हे कबूल करायची मला सवय नाही. शिवाय मला तो एका म्हाताऱ्या माणसाचा शनिवारचा प्रश्न वाटला होता.

माघात एके दिवशी काकूंची नळी निघून आली. निर्मला आदल्या दिवशीच आली होती. गाडी दारात उभी होती. काकाजी घरून सरळ वाचनालयात आले. तो शनिवार नव्हता. चप्पल न काढता ते दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले.

"आलं का काही?"

मी म्हटलं, नाही आलं.

"बरं," म्हणाले आणि गेले. अर्ध्या तासाने गाडी रिकामीच परत जाताना मी पाहिली. तरीही माझ्या लक्षात काही आलं नाही.

नळी पुन्हा घातली नाही. काकाजी कापसाचा बोळा पाण्यात बुडवून दर घटकेला काकूंचे ओठ ओले करत राहिले. नवव्या दिवशी सकाळी निर्मलाने हात लावून पाहिलं आणि म्हणाली, भाऊ, आई गेली. वडिलांना ती भाऊच म्हणते. काकाजींनी बोळा वाटीत बुडवला आणि म्हणाले, "अजून तीन दिवस बाकी हायेत." दुपारपर्यंत त्यांनी वाटी खाली ठेवली नाही.

हे मला निर्मलाने सांगितलं, मी भेटायला गेले तेव्हा. आणि त्यापुढचंही सांगितलं. डॉक्टर वर्षभर म्हणत होते, आता नळी निघाली तर पुन्हा घालू नका, त्यांना सुटू द्या. तीही फोनवर तेच सांगत होती. दिवाळीपासून भाऊंचं एकच उत्तर होतं: एक चिठ्ठी गेली हाये, उत्तर येऊ दे, मंग पाहू. नळी निघाली त्या दिवशी वाचनालयातून परतले आणि म्हणाले, उत्तर नाही आलं, गाडी परत धाड. "ताई, तुम्हीच पाठवली होती ना थे चिठ्ठी?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

मी हो म्हटलं.

घरी आले आणि हातपाय न धुता पत्र लिहायला बसले. पाच ओळींचं पत्र. पाच मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी पवनीला जाऊन टपालात टाकलं आणि यादीतल्या ओळीवर रेघ मारली. ती रेघ आजही मला पाहवत नाही.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. वेधशाळेतल्या एका संशोधक बाईंनी स्वतःच्या हाताने, मराठीत लिहिलं होतं. प्रश्न फार चांगला आहे, असं लिहून पुढे त्यांनी म्हटलं होतं, की आम्ही 'नाही' असं कधीच म्हणत नाही. आमच्या उपकरणांना अजून दिसलं नाही, एवढंच म्हणतो, आणि पाहत राहतो.

त्या शनिवारी काकाजी अकराला आले. पत्र माझ्या टेबलाच्या खणात होतं. त्यांनी विचारलं, आलं का. मी खणावर हात ठेवून म्हटलं, नाही आलं.

"राहू दे," ते म्हणाले. "मोठी मानसं, त्यायले बम कामं असतेत." खिडकीकडे पाहत ते पुढे म्हणाले, "एका परीनं बरंच झालं म्हना. आलं असतं, अन् त्यात थांबा म्हनलं असतं, त मी काय केलं असतं?"

मग त्यांनी बातमी वाचायला सांगितली. मी वाचली. काय वाचलं ते आठवत नाही.

त्यानंतर एकच हंगाम त्यांनी पाणी वाटलं, टोकाच्या बांधीपासून, नेहमीसारखं. पण ग्रहाची बातमी ऐकून ते आता काही विचारत नसत. नावंही ठेवत नसत. वहीतलं शेवटचं नाव काकू असतानाचं आहे. एकदा अंगणात पाहिलं तर बिस्किटांचा डबा पालथा होता आणि पेरूच्या झाडाच्या बुडाशी सगळी जुनी ढेकळं फोडून टाकलेली होती. मी विचारलं नाही. मला विचारायचा हक्क उरला नव्हता.

धान निघाल्यावर त्यांनी तुडूम बंद केला, किल्ली ग्रामपंचायतीत नेऊन दिली, आणि पौषातल्या एका सकाळी ते उठले नाहीत. तेरवी झाल्यावर निर्मला नागपूरला जाताना वाचनालयात आली आणि माझ्या टेबलावर एक पुडकं ठेवून गेली. भाऊंनी तुमच्यासाठी वेगळं ठेवलं होतं, म्हणाली. वर वर्तमानपत्राचा कागद होता, मीच वाचून दाखवलेल्या एका ग्रहाच्या बातमीचा. आत मातीचं ढेकूळ होतं, काकू गेल्या त्या उन्हाळ्यातलं. सगळी टाकली, पण एवढं ठेवलं होतं.

संशोधक बाईंचं पत्र अजून खणातच आहे. ते मी काकाजींना वाचून दाखवायला हवं होतं की नको, याचं उत्तर मला मिळालेलं नाही. कोणाला पत्र लिहून ते मिळेल असंही वाटत नाही.

ढेकूळ मी सहा महिने तसंच ठेवलं. यंदा पावसाचं पाणी धरलं, परळ आणला आणि तो त्याच खिडकीत ठेवला. यादीत ओळ घातली. रोज भिंग घेऊन पाहते आणि जे दिसतं ते लिहिते. पाणी स्वच्छ आहे, तळाशी माती बसली आहे, अजून काही हललेलं नाही. आज अकरावा दिवस. उद्या बारावा. परवाच्या पानावर मी अजून काहीच लिहिलेलं नाही.