पाहुण्यांनी खाल्लेलं चिन्नोर

चिचगडात आमच्या गल्लीत कबुतर नव्हतंच. चिमण्या होत्या, होले होते. पांढऱ्या कबुतरांची जोडी आणली ती माझ्या नवऱ्यानं, गोंदियाच्या बाजारातून, मोटरसायकलवर पिंजरा बांधून. "क्या शान है!" म्हणाला. मी म्हटलं, शान तुमची अन् झाडलोट माझी.

सासूनं मात्र त्यांना पाहुणे ठरवलं. कापणी झाली की आमच्याकडे धानाच्या लोंब्यांची झालर ओसरीत टांगतात, चिमण्यांसाठी. त्या झालरीवर कबुतरं तुटून पडली. मी हाकलायला उठले तं सासू म्हणे, "खाऊन राहिले तं खाऊ दे वो. तुयं का जाते?" मग काय! पाहुण्यांनी चिमण्यांना फिरकू दिलं नाही, माळ्यावर पिल्लं काढली, अन् बघता बघता साऱ्या गल्लीच्या कौलांवर आमचंच गोत्र. शेजारणी नाकं मुरडायच्या ते माझ्याकडे बघून.

गेल्या हंगामात या पाहुण्यांची गाठ चिन्नोरशी पडली. हे बारीक, वासाचं धान सासूनं माहेरून आणलेलं. गावात बाकीच्यांनी केव्हाच सोडलं. बियाणं उरलं होतं ते आमच्याच घरात, एका वाफ्यापुरतं. सासूनं ते भिजवून, मोड आणून, रोपांसाठी स्वतः फेकलं. सकाळी मी बांधावर गेले तर वाफा पांढराफटक. वाटलं, बगळे. बगळे कसले, आमचेच पाहुणे! चिखलातून दाणा न् दाणा वेचून राहिले होते मेले.

मी चप्पल भिरकावली. उडाले अन् पलीकडे जाऊन बसले. माणसाच्या दारात वाढलेले, भितील कशाला? माझी बोंब ऐकून सासू आली, वाफ्यात उतरली, चिखल चाचपत राहिली. तिचं तोंड बघवेना. एका कोपऱ्यात थोडं बी शिल्लक होतं. मी धावत घरी जाऊन जुन्या नायलॉनच्या साड्या आणल्या, त्या कोपऱ्यावर ताणून बांधल्या अन् रोपं वर येईस्तोवर तिथून हलले नाही. माळ्यालाही जाळी मीच ठोकली. नवरा खिळे देत होता, गुपचूप.

त्या कोपऱ्याचं पीक आलं ते जेमतेम पायलीभर. घरात कोणी एक शीत चाखलं नाही. सासूनं सगळं वाळवलं, गाठोडं बांधलं अन् माझ्या ओच्यात टाकलं.

"माह्या हाताले लय दया हाये," ती म्हणाली. "आता तूच पेरजो."