मेहुण्याचा हात कसा बसला

आमच्या मेहुण्याने सोलापुरातल्या जितक्या पाठी पाहिल्या असतील, तितकी तोंडं खात्रीने पाहिली नसतील. समोरून येणारा माणूस त्याला ओळखूच येत नसे. तो राम राम करून पुढे गेला की हा मागे वळून बघायचा आणि मग म्हणायचा, "आत्ता वळखलं दाजी. डावा खांदा उतरलाय न्हवं, त्येच हे." त्याच्याबरोबर बाजारात जाण्यात काही अर्थ नसे. भवानी पेठेतून आम्ही भाजीला म्हणून निघायचो, वाटेत कुणी कंबरेत वाकून चाललेला दिसायचा, की हा त्याच्या मागे, आणि ह्याच्या मागे पिशवी घेऊन मी. देवळातही तो देवाकडे कमी आणि नमस्काराला वाकलेल्या मंडळींकडे जास्त बघायचा. कोण गुडघ्यातून वाकतो, कोण नुसता मानेतून, ह्याचा हिशेब देवाच्या आधी त्याच्याकडे असे.

आता एवढ्या मोठ्या माणसाचा धंदा सुरू झाला, तो माझ्या वेंधळेपणामुळे. मेहुणा मोडनिंबचा, तालमीत वाढलेला. कुठल्याशा जत्रेतल्या फडावर त्याचा खांदा निखळला आणि कुस्ती सुटली. साऱ्या गावासमोर उचलून न्यावं लागलं, म्हणून गावात तोंड दाखवायचं नाही असं ठरवून तो आपल्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे आमच्या घरी आला. मी त्या वेळी एका गिरणीच्या हापिसात कारकून. दिवसभर मान खाली घालून लिहायचं आणि घरी येऊन मान खाली घालून ऐकायचं, त्यामुळे मान धरलेलीच. मेहुणा म्हणाला, "बसा हितं दाजी. तालमीत आमी एकमेकाला रगडतो की." पुढे माझ्या मानेतून असा काही आवाज निघाला, की चुलीपुढून ही धावत आली आणि म्हणाली, "काय पडलं वो?" मी आढ्याकडे बघत होतो. दुसरीकडे कुठे बघताच येत नव्हतं. पण ती दाराला धरून भावाकडे आणि माझ्याकडे अशा आशेने बघत उभी राहिली, की माझ्या तोंडून निघून गेलं, "वा, हाताला गुण आहे हो ह्याच्या." दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुण्याने तिळाच्या तेलाची बाटली आणली आणि आपण आता मालिशवाले झाल्याचं जाहीर केलं. ही बातमी मी आढ्याकडे तोंड करून ऐकली, कारण मान अजून तिकडेच होती.

मोडनिंबहून सासऱ्यांचा निरोप आला. दसऱ्यापर्यंत बघ, नाही जमलं तर गाडी घेऊन येतो, मुकाट्यानं घरी चल. निरोप ऐकल्यावर मेहुणा त्या दिवशी जेवला नाही, आणि तो जेवला नाही म्हणजे काय, हे ज्यांनी त्याला जेवताना पाहिलंय त्यांनाच कळेल.

गिऱ्हाईकं मीच आणत होतो. पाप माझंच होतं. पहिले आले आमचे हेडक्लार्क. ते पालथे होते तोवर बरं चाललं होतं. पण हात चालू झाला की मेहुण्याचं तोंड चालू व्हायचं, आणि तोंडात विषय एकच. "मंग गड्यानं माजी मान धरली साहेब, आशी. मंग मी खालनं हात घातला, आसा." हे आशी आणि आसा दोन्ही हेडक्लार्कांच्या अंगावर. शेवटी त्याने त्यांना उताणं केलं. त्यांचे दोन्ही खांदे सतरंजीला टेकले मात्र, हा ताडकन उठला, दणदणीत शड्डू ठोकला, चारी दिशांना हात वर केला आणि आडावर अंघोळीला निघून गेला. मी मागे धावलो. म्हटलं, "अरे, अर्धी मालिश राहिली." तो शांतपणे म्हणाला, "चीत झाल्यावर काय ऱ्हातंय दाजी?" त्यानंतर कितीतरी दिवस हेडक्लार्क माझ्याकडे मान वळवून बघत नव्हते. रागाने की नाइलाजाने, हे मी विचारलं नाही.

मग एक कापडवाले आले, एक मास्तर आले, आणि गेले. जाताना प्रत्येकाच्या तोंडी एकच शब्द, "पुरे." दसरा जवळ येत चालला. मेहुणा ओसरीवर बाटली पुढ्यात घेऊन बसून राहायचा आणि रस्त्याने जाणाऱ्या पाठी बघत उसासे टाकायचा.

एका दुपारी ही बाहेर आली आणि म्हणाली, "बसून खातूस, तर भाकरी तरी थाप."

"मी? आक्का, लोकं काय म्हंतील?"

"लोकं येतात कुटं तुज्याकडं, म्हनायला?"

तो निमूट काठवटीपुढे बसला. पहिला उंडा घेऊन त्याने जी थाप मारली, तिने भाकरी पार भिंगासारखी पातळ झाली आणि उरलेलं पीठ माझ्या सदऱ्यावर आलं. दुसरी फाटली, तिसरीच्या कडा उलल्या. जोंधळ्याचं पीठ मोठं मानी असतं; जोर केला की तुटतं आणि मायेनं घेतलं की पसरतं. मेहुण्याने दात-ओठ खाल्ले की ही हातावर चापट द्यायची. "आरं, तिला पाडायची न्हाई. मोटी करायची हाय." पुढे कितीतरी दिवस आमच्या घरात भाकरी नावाला होती, ताटात तुकडे असत. शेजारच्या बायका पाण्याला जाता जाता खिडकीशी थांबायच्या आणि लंगोट लावून काठवटीपुढे बसलेला पैलवान बघून घागरी तिथेच टेकवायच्या. "आक्का, नवी सून लई दांडगी हाय की," असं त्यातली एक म्हणाली, त्या दिवशी मी मागच्या दाराने कामावर गेलो.

आणि एकदा कधीतरी भाकरी न फाटता तव्यावर पडली आणि टम्म फुगली. मेहुणा तिच्याकडे बघतच राहिला. ती त्याने कुणाला खाऊ दिली नाही. दिवसभर फडक्यात गुंडाळून ठेवली.

आमच्या शेजारी एक म्हातारे विणकर राहत. मूळचे तेलंगणातले, घरात तेलुगू बोलायचे. जन्मभर मागावर बसून कंबर अशी आखडलेली, की झोपतानाही ते बसल्यासारखेच दिसत. हिने त्यांना ओसरीवर आणून पालथं निजवलं आणि स्वतः भावासमोर फतकल मारून बसली. मेहुण्याने हात टेकवला. कुस्तीची गोष्ट ओठावर आलेली दिसली, पण हिने डोळे वटारले तशी ती परत गेली. हात फिरू लागला, हळू, काठाकडून मधे, मधून काठाकडे. म्हातारबुवा काही बोलेनात. मला वाटलं, गेले की काय. मग सतरंजीत खुपसलेल्या तोंडातून आवाज आला, "इंका."

मेहुण्याचा हात थबकला. "दाजी, पुरे म्हंत्यात व्हय?"

मी म्हटलं, "अरे नाही. आणखी कर म्हणतायत."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मला उगाच चष्मा पुसावा लागला.

मग आळीतल्या मागांवरचे विणकर यायला लागले, त्यांच्या मागून गिरणीतले जॉबर-मुकादम, आणि एक दिवस चक्क हेडक्लार्क, दोन माणसं साक्षीला घेऊन. दसऱ्याला सासरे बैलगाडी जोडून आले, तेव्हा ओसरीवर त्यांना टेकायला जागा नव्हती. रांगेत मागे बसून राहिले. त्यांची पाळी आली तशी त्यांनी मुंडासं काढलं आणि लेकापुढे पालथे झाले. संध्याकाळी रिकामी गाडी घेऊन निघताना मला म्हणाले, "जावईबापू, पोरगं ऱ्हाऊ द्या हितंच. गावात काय कुनाची कंबर दुकत न्हाई." आणि मोठ्या ऐटीत चालत गेले, एकदम ताठ.

मेहुण्याने पुढे वेगळं बिऱ्हाड केलं. अक्कलकोटपर्यंत त्याला बोलावणी येऊ लागली. गाडीत बसला की समोरच्याची मान बघायचा, म्हणून लोक त्याला खिडकीजवळची जागा द्यायचे. आमच्याकडे येणं मात्र कमी झालं. आला तरी उभ्याउभ्या, चहाचा कप हातात आणि लक्ष दाराकडे.

एका भाऊबीजेला तो बराच उशिरा आला. हिने परसात पाट मांडला आणि त्याच्या डोक्याला, खांद्यांना तेल लावायला घेतलं. आई गेल्यापासून त्याच्या अंगाला मायेने लागणारा हात एवढा हाच. गावभर दुसऱ्यांची अंगं मोकळी करणाऱ्या त्या माणसाचे खांदे लाकडासारखे झाले होते. इतक्यात दारात टांगा थांबला. बड्या शेटजींची कंबर धरली होती, असतील तसे घेऊन या, असा निरोप होता. मी परसात गेलो, तर मेहुणा पाटावर बसल्या जागी झोपला होता. हनुवटी छातीला टेकलेली, तोंड लहान पोरासारखं अर्धवट उघडं. मी दाराकडे खूण केली. हिने नुसती मान हलवली. मी बाहेर जाऊन काहीतरी थाप मारली आणि टांगा परत पाठवला.

आत येऊन पाहतो तर हंड्यातलं पाणी निवत आलेलं, ओवाळणीचं तबक तसंच, आणि हिचा हात चाललेलाच. मी हळूच म्हटलं, "अगं, एवढं मोठं गिऱ्हाईक परत गेलं. उठल्यावर तो रागवेल ना."

हात न थांबवता ही म्हणाली, "जाऊ द्या वो. आज गिऱ्हाईक ह्योच हाय."