साडूंचा कान

यवतमाळ जिल्ह्यात कापूस किती पिकला हे सरकार सांगेल, पाऊस किती पडला हे तहसील सांगेल. पण या जिल्ह्यातली कुठली वस्तू कुठल्या सुरात वाजते हे विचारायचं असेल, तर कळंबला आमच्या साडूंकडेच जावं लागेल. त्यांच्या कृषी केंद्रातला छताचा पंखा 'सा' धरून फिरतो. शेजारच्या चक्कीचा पट्टा त्याच्या खालच्या पंचमात घुमतो. दोन्ही एकदम चालू असले की साडू बियाण्याची थैली हातात घेऊन डोळे मिटतात आणि समोरच्या गिऱ्हाइकाला वाटतं, शेटची शुगर वाढली. एकदा ऐन पेरणीच्या गर्दीत वीज गेली, तर हे कपाळाला हात लावून म्हणाले, "सा गेला ना राजा!" समोरचा शेतकरी बिचारा शांतपणे म्हणाला, "जाऊ द्या शेट, त्याच्याऐवजी दुसरं कोणतं वाण हाय?"

साडू म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीचे यजमान. तरुणपणी ते गायन पार्टीत गिटार वाजवत. जयंतीच्या कार्यक्रमात पेटी, ढोलक, बेंजो अशी भरगच्च पार्टी बसलेली असायची आणि तिच्यात हे गिटार घेऊन, नवरदेवाच्या गाडीत चुकून बसलेल्या पाहुण्यासारखे. मुख्य गायक त्यांना प्रेमानं म्हणायचा, "वाजव रे बाप्पा, पण माइकपासून लांब बस." साडू लांब बसले, ते लांबूनच ऐकत राहिले, आणि माझ्या मते त्यांचा कान तिथंच तयार झाला. आता माणूस भेटला की 'जय भीम'नंतर त्यांच्या तोंडून दुसरं वाक्य त्याच्या आवाजाबद्दलच येतं. नातेवाइकांत कुणाचं लग्न ठरलं की सगळे मुलाचा पगार विचारतात, हे विचारतात, "पोरगा हासते कसा?" मेहुणी सांगते, "मले नुसती हाक माराची असली तरी यायले आधी सूर लागते. तोवर पोळी जळते."

त्यांनी घर बांधलं तेव्हा दारावरची बेल घ्यायला मला यवतमाळच्या बाजारात सोबत नेलं. स्कूटरवर पुढे साडू, मागे मी, आणि माझ्या पाठीवर त्यांची गिटार. इलेक्ट्रिकच्या दुकानात त्यांनी स्टूल मागून घेतलं, गिटार मांडीवर घेतली आणि एकेक बेल वाजवायला लावून ती तारेवर पडताळू लागले. दुकानात गर्दी जमली. मी पंख्यांच्या खोक्यांआड उभा राहून आपण यांना ओळखत नाही असा चेहरा करून बघत होतो, पण पाठीवरची गिटारची रिकामी पिशवी माझा घात करत होती. दुकानदार शेवटी वैतागून म्हणाला, "भाऊ, घराले बेल लावून राह्यले का ऑर्केस्ट्रा काढून राह्यले?" साडू शांतपणे म्हणाले, "जनमभर ऐकाची हाय ते. बेल बेसूर असली का पाहुणा भी तसाच येते." अखेर एक 'टिंग-टाँग' त्यांच्या पसंतीस उतरली. वरचा शुद्ध गंधार, खालचा षड्ज, दोन्ही चोख. तशा दोन घेतल्या. एक स्वतःला आणि एक, मी नको नको म्हणत असताना, मला. ती अजून आमच्या दाराला आहे.

मला गिटार शिकवायचं त्यांच्या डोक्यात आलं ते आमच्या लेकीमुळे. तिनं हट्टानं गिटार घ्यायला लावली, दोन-चार महिने बोटं दुखवून घेतली आणि शिकायला पुण्याला निघून गेली. गिटार कपाटावर राहिली. बायको झाडताना रोज म्हणायची, "एक तर वाजवा, नाही तर कोणाले देऊन टाका." ही बातमी कळंबला पोचली आणि पुढच्या रविवारी साडू दारात हजर. माझी मागणी साधी होती. लग्नाच्या वाढदिवसाला बायकोसमोर एखादं गाणं वाजवता यावं, एवढंच. साडू म्हणाले, "गाणं मंग. गाणं म्हंजे गाव हाय. आधी एका घरापासून दुसऱ्या घराचं अंतर समजलं पाह्यजे, नाही तर गावात जाऊन कराल काय?"

तर अंतर. दोन सूर एकामागून एक वाजले की त्यांच्यात किती पट्ट्यांचं अंतर आहे, हे न बघता, नुसत्या कानानं सांगायचं. पट्ट्या म्हणजे गिटारच्या गळ्यावर आडव्या बसवलेल्या असतात त्या. शास्त्रातली नावं माझ्या डोक्यात राहीनात म्हणून साडूंनी आपली नावं पाडली. शेजारशेजारचे दोन सूर, एकच पट्टी सरकलेली, ती 'कुरकुर', आमच्या बाथरूमच्या दारासारखी. वरून तीन पट्ट्या खाली उतरलं की 'हाक', कारण कोणतीही बाई गच्चीवरून पोराला हाक मारते ती तेवढीच उतरते, म्हणे, मग ती कळंबची असो की महागावची. चार पट्ट्या उतरलं की 'बेल', आमच्या दारावरची. 'सा'वरून पंचमावर उडी म्हणजे 'जेवण झालं, हात धुतले, आता ओट्यावर बसा'. आणि तीव्र मध्यम म्हणजे पाहुणा जेवायला थांबतो की जातो, ते काही केल्या न कळणं.

परीक्षा अशी असायची की मी भिंतीकडे तोंड करून बसायचं, शिक्षा झालेल्या पोरासारखं, आणि साडू मागून दोन सूर वाजवायचे. मला बाकी सगळं थोडंफार जमे, पण हाक आणि बेल यांच्यात मी दर वेळी मार खायचो. एका पट्टीचा तो फरक. स्वयंपाकघरातून कणीक मळता मळता बायको ओरडायची, "हाक हाय ते, हाक!" साडू म्हणायचे, "तुमी सांगू नका ना बाई. यायले कान हाय, पण भाड्यानं देल्यासारखा हाय."

असं हसतखेळत चाललं होतं आणि बाबांना लकवा मारला.

बाबा, म्हणजे माझे वडील, आई गेल्यापासून आमच्याकडेच होते. आयुष्यभर राजूरच्या कोळसा खाणीत राबलेला माणूस, आवाज असा की खाणीच्या भोंग्यानं लाजावं. दवाखान्यातून घरी आले ते उजवा हात, उजवा पाय आणि सगळे शब्द तिथंच सोडून. तोंडातून फक्त 'हं' निघे. डॉक्टरांनी सांगितलं, समजतं सगळं, बोलणं किती परत येईल ते सांगता येत नाही. घरात नुसता अंदाजांचा कारभार सुरू झाला. त्यांनी 'हं हं' केलं की मी पाणी न्यायचो, बायको उशी बदलायची, कुणी चहा आणायचं. एकदा त्यांना चहा हवा होता तेव्हा मी भांडं घेऊन गेलो, ते भांडं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की शब्द असते तर शेजाऱ्यांनी कानात बोटं घातली असती. पण हळूहळू त्यांनी ते बघणंही सोडलं. दोनदा-तीनदा चुकलं की तोंड भिंतीकडे फिरवायचे आणि दिवसभर 'हं'सुद्धा करायचे नाहीत. तो माणूस आमच्या डोळ्यांदेखत आत निघून चालला होता, आणि मला भीती त्याचीच वाटत होती.

साडू रविवारी आले. 'धीर धरा' वगैरे काही म्हणाले नाहीत. खाटेजवळ खुर्ची ओढून बसले, पंख्याचं बटण बंद केलं आणि ऐकत राहिले. बऱ्याच वेळानं बाबांनी 'हं-हं' केलं. साडूंनी गिटार उचलून तेच दोन सूर, तेवढ्याच हळू, तारेवर वाजवले. बाबांचं तोंड भिंतीकडून आमच्याकडे वळलं.

"पाहा," साडू म्हणाले, "शब्द गेले यांचे. चाल तशीच हाय."

त्यानंतर चार-पाच रविवार आमच्या घरात जगातली सगळ्यात विचित्र शिकवणी झाली. शिकवणारे बाबा, दुभाषे साडू, आणि विद्यार्थी मी. 'हं-हं' दोन पट्ट्या वर चढलं की पाणी. पंचमाकडे उडी मारली की 'मले ओट्यावर ने'. इथं साडू स्वतःच्या नावांवर इतके खूश झाले की बाबांना टाळी द्यायला गेले, आणि बाबांनी ती डाव्या हातानं दिलीही. कुरकुर म्हणजे पाठ, नाही तर सुनेच्या भाजीतलं मीठ. मी चुकायचो, पण आता बाबा भिंतीकडे वळत नव्हते. पुन्हा म्हणायचे, जरा जोरात, मठ्ठ पोराला पाढा म्हणून दाखवावा तसं.

फक्त एक आवाज मला उमगत नव्हता, आणि उमगत नाही हेही मला ठाऊक नव्हतं. कारण तो ऐकला की मी उठून दारच उघडायला जायचो. दारात कुणी नसायचं. पोरं बेल वाजवून पळतात असं समजून मी परत यायचो. बायको म्हणायची, "मले तर नाही आली बेल ऐकू." मी म्हणायचो, "तुझा कान तयार नाही."

एका रविवारी असाच उठलो. साडू बाबांच्या खाटेशी बसले होते.

"कुठी चालले?"

"बेल वाजली ना."

"बसा जरासे." मग बायकोला म्हणाले, "बाई, बाहेर जाऊन बेल दाबा बरं."

बायकोनं बेल दाबली. टिंग-टाँग. साडूंनी ती तारेवर वाजवून दाखवली. मग म्हणाले, "आता भिंतीकडे तोंड करा," आणि मघाचे ते दोन सूर वाजवले, बाबांच्या तोंडून निघाले होते ते. "सांगा."

मी ऐकलं. पुन्हा वाजवायला सांगितलं. पुन्हा ऐकलं.

"एक पट्टी कमी हाय," मी म्हणालो.

"मंग बेल नाही. काय हाय?"

डोळ्यांसमोर राजूरचं क्वार्टर आलं. भोंगा होऊन गेलेला, अंगभर काळी धूळ तशीच घेऊन दारात उभे असलेले बाबा, आणि मैदानाच्या त्या टोकाला मी. वरून खाली उतरणारे ते दोन सूर मैदानभर यायचे, "गौऽऽ तम." त्यांना पाणी नको होतं, उशी नको होती, काहीच नको होतं. ते मला हाक मारत होते. आणि ते हाक मारायचे तेव्हा मी नेमका उठून त्यांच्यापासून लांब, दाराकडे जायचो.

भिंतीकडून वळलो आणि म्हणालो, "ओ."

बाबांनी बघितलं. तोंडाची डावी बाजू हलली. मग खात्री करून घ्यायला त्यांनी पुन्हा एकदा हाक मारली.

"ओ, बाबा."

साडू गिटारच्या खुंट्या पिळत बसले, त्या सुरात असूनही.

त्यानंतर बाबांनी वसुलीच सुरू केली. मी आंघोळीला असो, जेवत असो, ऑफिसला निघताना बुटात पाय घालत असो, हाक यायची आणि मी 'ओ' द्यायचो. त्यापलीकडे दोघांनाही काही म्हणायचं नसायचं. बायको म्हणायची, "बापलेकाचं बरं हाय, बिनकामाचं बोलणं." मला आठवतंय तसं, त्याआधी आमच्यात बिनकामाचं बोलणं कधी झालंच नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात बाबा गेले. साडू कळंबहून आले, दिवसभर माझ्या शेजारी बसले आणि कुठल्याच आवाजाबद्दल काही बोलले नाहीत.

शिकवणी अजून चालू आहे. लग्नाचे वाढदिवस येतात आणि जातात, गाणं काही येत नाही. तीव्र मध्यम ऐकला की पाहुणा जेवायला थांबतो की जातो, ते मला आजही कळत नाही. साडू आता दर वेळी खुर्चीवर बसताना 'अरे बापा' म्हणतात, आणि तेही सुरात. मी भिंतीकडे तोंड करून बसतो. ते कुरकुर वाजवतात, पंचम वाजवतात, बेल वाजवतात, आणि कधीतरी, मला न सांगता, मध्येच वरून तीन पट्ट्या खाली उतरतात. त्याचं नाव सांगायचं असतं. मी सांगत नाही.

"ओ," म्हणतो.

साडू चूक काढत नाहीत. स्वयंपाकघरातून दर वेळी उत्तर सांगणारी बायकोही त्या वेळी गप्प असते. थोड्या वेळानं मागून, अगदी हळू, आवाज येतो, "बरोबर हाय."